छावणी, पगार आणि चित्रभूमी

अहमदनगर, ज्यास आता अहिल्यानगर हे नाव मिळाले आहे, त्या शहराच्या पूर्वेस लागूनच भिंगार हे गाव आहे. शहर धाकटे आणि शेजारचे गाव थोरले, असा येथील प्रकार आहे. १४९० साली मे महिन्याच्या २८ तारखेस मलिक अहमदाने बहामनी सैन्याचा पराभव केला तो याच परिसरात. आणि १४९४ साली त्याने नव्या राजधानीचा पाया घातला तोही या जुन्या गावाच्या आश्रयाने. १७०७ साली औरंगजेबाने देह ठेवला तो भिंगारच्याच तळावर. १८०३ साली वेलस्लीने नगरचा किल्ला सर केला आणि पुढे इंग्रजी अमलात भिंगारच्या अंगास कायमची लष्करी छावणी वसली. तंबू ठोकले जाणे आणि तंबू उठणे हे दृश्य या गावाने इतक्या वेळा पाहिले आहे, की छावणी म्हणजे काय, हे भिंगारकरांस कोणी निराळे शिकवावयास नको.

छावणीचे शास्त्र वरवर पाहता तलवारीचे आणि तोफांचे शास्त्र वाटते. वस्तुतः ते रसदीचे आणि रोजमुऱ्याचे शास्त्र आहे. औरंगजेबाच्या अखेरच्या तळावर माणसांची वाण नव्हती, जनावरांची नव्हती, की बादशाही दराऱ्याचीही नव्हती. वाण होती ती पगाराची. दक्षिणेतील दीर्घ मोहिमांनी खजिना रिता झाला होता, शिपायांचे वेतन कित्येक महिने थकत होते, आणि थकलेल्या वेतनाबरोबर शिस्तही सैल पडत चालली होती. छावणी कोठे पडावी हे सेनापती ठरवितो. ती तेथे किती दिवस उभी राहावी हे मात्र पुष्कळदा पगार वाटणारा बक्षी ठरवितो.

चालू युगात अशीच एक नवी छावणी जन्मास आली आहे. ती चित्रपट-मंडळीची. बाह्यचित्रणासाठी एखाद्या गावी उतरलेली मंडळी पाहिली, तर लष्करी तळाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. दिग्दर्शक आणि नटनटी यांची नावे भित्तिपत्रकावर झळकतात. परंतु त्यांच्या पाठीशी सुतार, रंगारी, शिंपी, रंगभूषाकार, दिवेवाले, ध्वनिलेखक, मोटारचालक, आचारी, हरकामे आणि गर्दीच्या प्रसंगांत उभे राहणारे शेकडो स्त्रीपुरुष असतात. गावातील खाणावळी, धर्मशाळा, वाहने, किराणा दुकाने यांचाही रोजगार काही दिवस त्यांच्यावर चालतो. प्रकाश योग्य असेल तेवढ्याच वेळात काम उरकावयाचे, नटाने दिलेल्या तारखा चुकवावयाच्या नाहीत, आणि भाड्याने आणलेली यंत्रे एक तासही स्वस्थ बसू द्यावयाची नाहीत, अशी ही घाई असते. येथे एक दिवस फुकट जाणे म्हणजे गिरणीतील एक पाळी बुडण्यासारखे नव्हे. गिरणीतील सूत उद्या कातता येते. मावळलेला सूर्य आणि निघून गेलेला नट परत आणता येत नाही.

या घाईमुळेच चित्रपटधंद्यातील श्रमाच्या तंट्यास एक चमत्कारिक रूप प्राप्त झाले आहे. काम चालू असेतोपर्यंत कामकऱ्याच्या हाती मोठे सामर्थ्य असते, कारण त्याने हात आखडला की सारा तळ ठप्प होतो. उलट, काम सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यानंतर तो अगदी दुर्बल असतो, कारण त्याची नेमणूक त्या एका चित्रपटापुरतीच असते. मालकाची स्थिती याच्या उलट आहे. चित्रण चालू असता तो अडलेला असतो. परंतु चित्रणापूर्वी त्याच्यापाशी गिरणीमालकास नसलेले एक शस्त्र असते. गिरणी उचलून दुसऱ्या गावी नेता येत नाही, चित्रपटाचा तळ नेता येतो. "तुमच्या अटी जाचक वाटल्या, तर आम्ही दुसरीकडे जाऊ" हे वाक्य या धंद्यात केव्हाही उच्चारता येते. मग तंट्यात केवळ मालक आणि मजूर हे दोनच पक्ष राहत नाहीत. ज्या गावी काम व्हावयाचे ते गाव, क्वचित ते राज्य किंवा राष्ट्रही, तिसरा पक्ष होऊन बसते.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत या प्रश्नाचा सर्वांत बोलका इतिहास मालाडच्या बाँबे टॉकीजचा आहे. आणि त्याच्या एका प्रकरणाचा धागा भिंगारशेजारच्या छावणीपर्यंत येऊन पोचतो.

१९३४ साली हिमांशु राय आणि देविका राणी यांनी ही संस्था स्थापन केली. त्या काळी बहुतेक चित्रपट-कंपन्या एका शेठजीच्या किंवा चारसहा भागीदारांच्या पेढ्या असत. बाँबे टॉकीज ही भागभांडवलाची रीतसर मर्यादित कंपनी होती, आणि तिच्या संचालकांत सर चिमणलाल सेटलवाड, एफ. ई. दिनशा यांसारखी वजनदार माणसे होती. मालाडच्या मोकळ्या वस्तीत तिने आपला स्टुडिओ उभारला. दिग्दर्शनास फ्रान्झ ऑस्टेन आणि छायालेखनास योसेफ विर्शिंग हे जर्मन तंत्रज्ञ आणले, आणि त्यांच्या हाताखाली हिंदी तरुणांस शिकविले. १९३६ सालच्या 'अछूत कन्या'ने संस्थेचे नाव देशभर झाले. नटापासून सुतारापर्यंत माणसे मासिक पगारावर होती. एक चित्रपट संपला की दुसऱ्याच्या तयारीस लागत. आज येथे, उद्या तेथे अशी त्यांची भ्रमंती नव्हती. चित्रपटाच्या छावणीने येथे प्रथमच पेठेसारखी पक्की घरे बांधली, असे म्हणावयास हरकत नाही.

१९३९ साली युरोपात महायुद्ध पेटले. हिंदुस्थानातील जर्मन नागरिकांस सरकारने अटक करण्यास प्रारंभ केला, आणि त्यांना ठेवण्याची एक मोठी छावणी अहमदनगरच्या लष्करी ठाण्यात उघडण्यात आली. पुढे तिबेटात जाऊन प्रसिद्धी पावलेला गिर्यारोहक हाइन्रिख हारर हाही आरंभी येथेच स्थानबद्ध होता. 'कंगन' चित्रपटाचे काम चालू असता ऑस्टेन यांस पकडण्यात आले; विर्शिंग यांचा युद्धकाळ स्थानबद्धतेत गेला. एका दिवसात मालाडच्या स्टुडिओचा दिग्दर्शक आणि छायालेखक नाहीसे झाले. तरीही स्टुडिओ बंद पडला नाही. जर्मन गुरूंच्या हाताखाली तयार झालेल्या हिंदी मंडळींनी काम पुढे चालविले. स्टुडिओचे खरे बळ भिंतींत वा यंत्रांत नसून शिकलेल्या हातांत असते, याची यापेक्षा चांगली परीक्षा झाली नसती.

परंतु बाहेरच्या आघाताने जे मोडले नाही, ते आतल्या तंट्यांनी मोडत गेले. १९४० साली हिमांशु राय वारले. कारभाराची सूत्रे देविका राणींकडे आली आणि संस्थेत दोन तट पडले. १९४३ साली, ज्या वर्षी 'किस्मत'ने अपूर्व यश मिळविले त्याच वर्षी, शशधर मुखर्जी, अशोककुमार, रायबहादूर चुनीलाल प्रभृती मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी गोरेगावास 'फिल्मिस्तान' उभारले. मालाडहून गोरेगाव अंतराने जवळच. पण निष्णात माणसे गेली आणि त्यांच्याबरोबर तळाचा प्राणही हलला. १९४५ साली देविका राणींनी निवृत्ती घेतली. पुढे अशोककुमार आणि सावक वाच्छा यांनी परत येऊन संस्था सावरण्याचा प्रयत्न केला. स्थानबद्धतेतून सुटलेले विर्शिंगही परतले, आणि १९४९ सालच्या 'महल'चे छायालेखन त्यांनी केले. 'महल' गाजला, पण कर्जाचे ओझे एका चित्रपटाच्या यशाने उतरणारे नव्हते.

१९५० नंतरच्या वर्षांत कामकऱ्यांचे पगार थकू लागले. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की स्टुडिओतील माणूस थकलेल्या पगारावरही काही काळ काम करीत राहतो. गिरणीतील मजुराप्रमाणे तो लगेच फाटकाबाहेर येत नाही. चित्रपट पूर्ण झाला तर पैसा येईल आणि मागील बाकी फिटेल, अशी आशा त्याला धरून ठेवते. यामुळे तंटा उघड दिसत नाही, आणि जेव्हा दिसतो तेव्हा उपाय करण्याची वेळ टळून गेलेली असते.

अशा वेळी मालाडच्या कामकऱ्यांनी जे केले ते महाराष्ट्राच्या श्रमिक-इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखे आहे. त्यांनी यंत्रांची मोडतोड केली नाही, की स्टुडिओ सोडून ते पळाले नाहीत. त्यांनी आपली औद्योगिक सहकारी संस्था स्थापन केली आणि स्वतःच चित्रपट काढला. १९५४ साली प्रकाशित झालेला तो चित्रपट म्हणजे 'बादबान'. दिग्दर्शक फणी मजुमदार. भूमिकांत अशोककुमार, देव आनंद, मीनाकुमारी आणि महाराष्ट्राच्या उषा किरण. बादबान म्हणजे जहाजाचे शीड. बुडत्या गलबतावरील खलाशांनीच शीड उभारावे, तसा हा उद्योग होता. नामवंत कलावंतांनी त्यांना साथ दिली, चित्रपट पुराही झाला. परंतु एका चित्रपटाच्या उत्पन्नात साचलेली देणी, स्टुडिओचा चालू खर्च आणि पुढील चित्रपटाचे भांडवल या तिन्ही गोष्टी बसणे शक्य नव्हते. स्टुडिओ बंद पडला. मालाडची ती चित्रभूमी कारखान्यांच्या गाळ्यांनी व्यापली गेली, आणि बाँबे टॉकीजचे नाव एका आवाराच्या पत्त्यापुरते उरले.

या इतिहासाचा नीट विचार केला, तर एक रूढ समज डळमळीत होतो. मजुरांनी मागण्या केल्या की धंदा गाव सोडून जातो, असे सामान्यतः मानले जाते. मालाडास मजुरांनी तळ मोडला नाही. तळ राखण्यासाठी अखेरपर्यंत झटले ते मजूरच. वाढीव वेतनाच्या मागणीने हा स्टुडिओ बुडाला नाही. कारभाऱ्यांचा बेबनाव, कर्ज, आणि ठरलेले वेतन न देणे या तीन कारणांनी तो बुडाला.

बाँबे टॉकीजचा हा अंत एकट्या त्या संस्थेचा नव्हता. मासिक पगारावर माणसे बाळगणारी स्टुडिओ-पद्धतीच त्या सुमारास मावळत होती. १९४९ साली नेमलेल्या आणि १९५१ साली अहवाल देणाऱ्या चित्रपट-चौकशी समितीने, जिचे अध्यक्ष स. का. पाटील होते, या स्थित्यंतराची नोंद घेतली. युद्धकाळातील सुलभ पैसा घेऊन नवे निर्माते धंद्यात शिरले, त्यांनी मोठ्या मोबदल्याने नटनटी फोडल्या, आणि स्टुडिओ ही केवळ भाड्याने मिळणारी जागा झाली. नटांस हे स्वातंत्र्य फळले. दिवेवाल्यास आणि सुताराला मात्र त्याचा अर्थ इतकाच झाला, की महिन्याचा पगार गेला आणि रोजंदारी आली. पक्क्या घरांची पेठ मोडून पुन्हा राहुट्यांची छावणी झाली.

या विखुरलेल्या माणसांस एकत्र आणण्यासाठी प्रत्येक कसबाच्या निरनिराळ्या संघटना उभ्या राहिल्या, आणि १९५६ साली त्यांचा पश्चिम भारतापुरता महासंघ स्थापन झाला. १९८१ साली संसदेने चित्रपट-कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. कामगाराशी लेखी करार केल्यावाचून त्यास कामास लावू नये, हे त्या कायद्याचे मुख्य कलम होते. तंटा झाल्यास समेट घडविणारा अधिकारी आणि निवाड्यासाठी न्यायाधिकरण यांचीही त्यात तरतूद होती. २०२० साली संमत झालेल्या श्रमसंहितेत हा विषय पुढे सामावून घेण्यात आला. लेखी कराराचा आग्रह वरवर कारकुनी वाटतो; पण ज्याची नेमणूक दोन महिन्यांची, ज्याचा मालक चित्रपटागणिक बदलणारा, त्याच्यापाशी कागदावाचून दुसरा पुरावा कोणता?

कागद असला तरी तो पाळला जातोच असे नाही. २००८ साली ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेपासून या महासंघाने मुंबईत काम बंद ठेवले. सभासदसंख्या दीड लाखाच्या जवळपास होती. वेळेवर न मिळणारे वेतन, कामाचे अमर्याद तास, आणि आधी झालेल्या करारांची उपेक्षा या तक्रारी होत्या. चित्रपट आणि दूरचित्रवाणी या दोन्हींचे चित्रण थंडावले, नटांनीही पाठिंबा दिला, आणि काही दिवसांतच तडजोड झाली. संप लवकर मिटला याचे कारण उघड आहे. इतकी मोठी कसबी वस्ती दुसऱ्या गावी आयती मिळण्यासारखी नव्हती, म्हणून तळ उठविण्याची भीती येथे घालता येईना.

ती भीती घातली जाते तेव्हा काय घडते, याचे ठळक उदाहरण सातासमुद्रापलीकडील न्यूझीलंड देशात सापडते. पीटर जॅक्सन या दिग्दर्शकाने त्या देशात 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही चित्रत्रयी निर्माण केली आणि डोंगरदऱ्यांच्या त्या चिमुकल्या देशाचे नाव जगभर गेले. त्याच निर्मितीत काम केलेल्या एका प्रतिकृतीकाराने, आपण कंत्राटदार नसून नोकर आहोत, असा दावा मांडला. २००५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. पुढे 'द हॉबिट'ची तयारी चालू असता, २०१० साली, नटांच्या संघटनेने किमान अटींचा सामुदायिक करार मागितला. कंत्राटदारांशी सामुदायिक वाटाघाटी करणे कायद्यात बसत नाही, असे उत्तर आले. सप्टेंबरअखेर आंतरराष्ट्रीय नटसंघाने आपल्या सभासदांस या चित्रपटात काम न करण्याचा आदेश दिला. चित्रण पूर्व युरोपात जाईल, असे जॅक्सन यांनी जाहीर केले.

मग दृश्य पालटले. पोटावर पाय येईल या भीतीने तंत्रज्ञ मंडळी वेलिंग्टनच्या रस्त्यावर उतरली, आणि तीही मालकांविरुद्ध नव्हे, तर नटांच्या संघटनेविरुद्ध. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात बहिष्कार मागे घेण्यात आला, तरीही चित्रण तेथे होईल अशी हमी अमेरिकन कंपनी देईना. अखेर तिचे अधिकारी न्यूझीलंडला आले, पंतप्रधान जॉन की यांच्याशी त्यांची बोलणी झाली, आणि २९ ऑक्टोबर रोजी तेथील संसदेने घाईने कायदा केला. ६६ विरुद्ध ५० मतांनी संमत झालेल्या या कायद्यान्वये, लेखी कराराने नोकर ठरविला नसेल, तर चित्रपटात काम करणारा प्रत्येकजण कंत्राटदार समजला जावयाचा होता. याशिवाय प्रत्येक चित्रपटामागे ७५ लक्ष अमेरिकन डॉलरपर्यंत अधिक सवलत कंपनीस देऊ करण्यात आली. त्या वर्षाच्या डिसेंबरात सरकारी पत्रव्यवहार उघड झाला. बहिष्कार आणि चित्रणस्थळाची निवड यांचा परस्पर संबंध नाही, असे जॅक्सन यांनी १८ ऑक्टोबरलाच सरकारास कळविल्याचे त्यात दिसून आले. म्हणजे तंटा निमित्तमात्र ठरला. मोबदल्याची घासाघीस त्याच्या आडून झाली.

चित्रपट न्यूझीलंडातच झाले, आणि माटामाटा गावाजवळ उभारलेले त्यांचे नेपथ्य प्रवाशांचे तीर्थक्षेत्र बनले. तेव्हा गावाचा आणि देशाचा लाभ झाला, हे नाकारता यावयाचे नाही. पण तळ राखण्यासाठी कामकऱ्यांचे हक्क मोजून द्यावे लागले, हेही तितकेच खरे. ते हक्क काही अंशी परत मिळण्यास बारा वर्षे लागली. २०२२ साली तेथे नवा कायदा झाला, आणि चित्रपटक्षेत्रातील कंत्राटदारांस सामुदायिक कराराची मुभा मिळाली.

श्रमाच्या तंट्याचा आणि चित्रणस्थळाचा संबंध मुंबईने याहूनही विलक्षण रीतीने पाहिला आहे. १९८२ च्या जानेवारीत दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात उतरले, आणि तो संप शेवटपर्यंत मिटला असे झाले नाही. गिरणगावाचे वैभव ओसरले. कुलाब्याची मुकेश मिल त्याच दशकाच्या आरंभी बंद पडली. समुद्रकाठच्या तिच्या काळवंडलेल्या भिंती चित्रपटवाल्यांस आवडल्या, आणि पुढे कित्येक वर्षे नृत्यगीतांचे आणि भयपटांचे चित्रण तेथे होत राहिले. एका धंद्यातील तंटा न सुटल्यामुळे दुसऱ्या धंद्यास चित्रभूमी मिळाली. मात्र गिरणीचा भोंगा वाजे तेव्हा तेथे नित्याची भाकर होती. चित्रणाचे दिवे लागले तेव्हा ती चार दिवसांची झाली.

चित्रपट-मंडळीने आपल्या गावी यावे, असे आज अनेक गावांस वाटते, आणि ते वावगे नाही. जुने वाडे, किल्ले, माळराने, ओढे यांनी संपन्न असलेल्या नगर जिल्ह्यासारख्या प्रदेशास तर तसे वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु मंडळी येणार म्हणजे केवळ नट पाहावयास मिळणार, एवढ्यावर गावकऱ्यांनी समाधान मानू नये. गर्दीत उभे राहणाऱ्यास रोज किती मिळणार, तो केव्हा हाती पडणार, खाणावळीचे आणि वाहनांचे देणे कोणाच्या सहीने चुकते होणार, अपघात झाल्यास जबाबदार कोण, हे प्रश्न पहिला दिवा लागण्यापूर्वी विचारले गेले पाहिजेत. चित्रण सुरू झाल्यावर विचारले तर तो संप ठरतो, आणि मंडळी निघून गेल्यावर विचारले तर ते अरण्यरुदन होते.

निसर्गशोभा पुष्कळ गावांस असते, आणि करसवलत कोणतेही सरकार देऊ शकते. ज्या गावी कसबी हात आहेत, आणि त्या हातांस ठरलेले दाम ठरल्या दिवशी मिळेल असा भरवसा आहे, त्या गावचा तळ सहसा उठत नाही. बाँबे टॉकीजच्या कामकऱ्यांपाशी कसब होते, निष्ठा होती, संकटकाळी स्वतः शीड उभारण्याची धमकही होती. त्यांच्याशी केलेला पगाराचा करार मात्र वेळेवर पाळला गेला नाही, आणि तेवढ्या एका उणिवेपुढे बाकीचे सारे गुण अपुरे पडले.